हात खाली आला की

धाकट्यांना धाकटे म्हणण्यासारखं त्यांच्यात आता काहीच उरलं नव्हतं. साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि डोक्यावरचे केस तर मोठ्या भावाच्याही आधी गेले होते. पण बँडमध्ये एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. ट्रॉम्बोनच्या रांगेतल्या एका माणसाचे दात वाकडे होते. त्यानं पुढे अख्खी बत्तीशी नवी बसवून घेतली, तरी शेवटपर्यंत तो 'वाकड्या'च राहिला. धाकट्यांचंही तसंच. त्यांची स्वतःची नातवंडंसुद्धा त्यांना धाकटे आजोबा म्हणायची, आणि मोठे आजोबा म्हणजे अर्थातच दादा.

दादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ आणि बँडचा सर्वेसर्वा. बिग बँड हे नुसतं नाव ऐकलं तर काही विशेष वाटत नाही, उभा केला की घाम फुटतो. पुढे सॅक्सोफोनची रांग, तिच्यामागे ट्रॉम्बोन, सगळ्यात मागे छाती काढून उभे असलेले ट्रम्पेटवाले, बाजूला पियानो आणि बेस, आणि कोपऱ्यात ड्रमच्या ढिगाऱ्यामागे धाकटे. एवढ्या फुंकणाऱ्या आणि बडवणाऱ्या माणसांना एका लयीत ठेवायचं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. दादानं ते चाळीस-एक वर्षं केलं. गाणी तोच बांधायचा, प्रत्येकाचे सुरांचे कागद तोच लिहायचा, आणि कार्यक्रमात सगळ्यांकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून तोच उभा राहायचा. अख्खा बँड त्याला दादा म्हणे, त्याच्याहून वयानं मोठा असलेला बेसवालासुद्धा.

धाकटे बँडमध्ये आले ते वशिल्यानंच. लहानपणी ते ताटं, खुर्च्या, शेजाऱ्याची पत्र्याची पेटी, जे हाताला लागेल ते बडवायचे. आई वैतागून दादाला म्हणाली, "याला तुझ्याकडे ठेव बाबा. आणि सांभाळ त्याला." दादानं दोन्ही गोष्टी केल्या. बँडवर अर्थात कुणाचं पोट भरत नसे, म्हणून दिवसा धाकटे एका लाँड्रीची गाडी चालवायचे. ज्या हॉटेलात सकाळी मागच्या दारानं चादरी पोचवायच्या, त्याच हॉटेलात संध्याकाळी मागच्याच दारानं ड्रम न्यायचे. तिथला दरवान त्यांना लांबूनच विचारायचा, "आज काय आणलंय, धुतलेलं की वाजणारं?"

बँडचा एक नियम होता, आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. दादाचा उजवा हात वर जायचा, चुटक्यांनी लय द्यायचा आणि खाली यायचा. हात खाली आला की वाजायचं. जी लय दिली त्या लयीत, काहीही न विचारता. हा नियम फुकट आला नव्हता. बँड नवा असताना एका कारखानदाराच्या पार्टीत दादानं लय जरा चुकीची दिली. अर्ध्यांनी त्याचा हात पाळला, अर्ध्यांनी स्वतःची अक्कल पाजळली. जे काही वाजलं ते ऐकून लोकांना वाटलं मंचावर मारामारी जुंपली आहे. त्यानंतर दादानं सगळ्यांना बसवून सांगितलं, "हात चुकला तर चूक माझी एकट्याची. पण अर्ध्यांनी ऐकलं आणि अर्ध्यांनी शहाणपणा केला, तर सगळ्यांचंच हसं होतं. मला शहाणपणा नको." या नियमाची राखण पुढे धाकट्यांकडे आली. नवा माणूस बँडमध्ये आला की ते त्याला वाद्यांच्या पेट्यांजवळ बाजूला घेत आणि दम भरत, "चुकला तरी तो हातच. लक्षात ठेव."

आता 'दुपार' या गाण्याबद्दल. वहिनी इस्पितळात नर्स होत्या आणि लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्यांना रात्रपाळीच होती. सकाळी घरी यायचं, चूलपाणी उरकायचं आणि जेवून झोपायचं. घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच. आतल्या खोलीत वहिनी झोपलेल्या, बाहेरच्या खोलीत दादा टेबलाशी गाणी बांधत बसलेला, आणि समोर धाकटे सरावाला आलेले. ड्रम वाजवायची सोय नव्हतीच. मग धाकटे जमिनीवर कालचा पेपर पसरत आणि त्यावर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरवत. पेपरवर ब्रश फिरवला की बारीक खरखर होते, ती दाराच्या पलीकडे जात नाही. अशाच एका दिवशी दादानं दाराच्या फटीला कान लावला आणि झोपलेल्या बायकोच्या श्वासावर बोटानं लय मोजली. त्या लयीवर त्यानं जे बांधलं ते 'दुपार'. बँडच्या सगळ्या गाण्यांत ते सगळ्यात संथ. मास्तर, म्हणजे दिवसा शाळेत भूगोल शिकवणारे सॅक्सवाले, त्याची धून अशी वाजवायचे की ऐकताना खांदे आपोआप खाली यायचे. मागून धाकट्यांचे ब्रश, तेवढेच.

प्रत्येक कार्यक्रमात शेवटून दुसरं 'दुपार' असायचं आणि शेवटचं एक घोडदौडीचं गाणं. वहिनींना सुट्टी असली की त्या येऊन बसत आणि 'दुपार' सुरू झालं की डोळे मिटून घेत. शेजारच्यांना वाटायचं, बाईंना कंटाळा आला असावा.

एवढ्या वर्षांत बँडची एकही रेकॉर्ड निघाली नव्हती, कारण दादा हटून बसला होता. स्टुडिओत तो जायचा नाही. म्हणायचा, "समोर माणसं नसली की बँड भिंतींसाठी वाजवतो." शेवटी एक कंपनी तयार झाली. जुन्या नाट्यगृहात कार्यक्रम करायचा, लोकांना बोलवायचं आणि तिथल्या तिथे ध्वनिमुद्रण करून लाइव्ह अल्बम काढायचा. एकच संध्याकाळ. बँडमधले लोक एकदम तरुण झाले. बेसवाल्यानं नवे बूट घेतले, आणि ते चावत होते तरी उतरवले नाहीत.

धाकट्यांच्या जिवाला मात्र वेगळाच घोर लागला होता. त्याच्या आधी काही महिने दादा विसरायला लागला होता. चष्मा, किल्ली, नावं, हे तर सगळ्यांचंच होतं. पण एका तालमीत त्यानं एक गाणं संपवून लगेच तेच गाणं पुन्हा घेतलं, आणि नियमाप्रमाणे सगळ्यांनी ते पुन्हा वाजवलं. त्यानंतर वहिनींनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. चहाचं भांडं विसळता विसळता, त्यांच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हे आता वाढतच जाणार म्हणतात. औषध नावालाच."

धाकट्यांनी विचारलं, "दादाला माहितीय?"

"सांगितलं. विसरले." वहिनी थोडं हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "बँडमध्ये कुणाला कळू देऊ नका. लोक कीव करायला लागले तर ते त्यांना सोसायचं नाही. आणि माझं एक ऐका. बाकी काही नाही झालं तरी चालेल, पण ते एक गाणं नीट रेकॉर्ड होऊ दे. ते सगळं विसरतील तेव्हा मी त्यांना लावून दाखवीन."

"मी मागे बसलेला असतोच," धाकटे म्हणाले. "तुम्ही काळजी करू नका."

असं म्हणायला काय जातं? मागे बसलेला माणूस पुढे उभ्या असलेल्याचं काय करू शकतो, हा विचार त्यांना घरी जाताना रस्त्यात आला.

संध्याकाळ मात्र अशी रंगली की विचारू नका. नाट्यगृह भरलं होतं, वरून मायक्रोफोन लटकत होते, आणि दादा वीस वर्षांनी लहान झाल्यासारखा नाचत होता. एकेक गाणं संपत होतं आणि धाकट्यांच्या जिवात जीव येत होता. मग 'दुपार'ची पाळी आली. सगळ्यांनी कागद उलटले. धाकट्यांनी काठ्या शेजारच्या पिशवीत ठेवल्या आणि ब्रश हातात घेतले. दादानं लोकांकडे वळून गाण्याचं नाव सांगितलं, बरोबर सांगितलं, आणि बँडकडे वळला. त्या वळण्यात काय झालं कोण जाणे. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच नव्हतं. मग हात वर गेला, आणि चुटक्या वाजल्या त्या घोडदौडीच्या. शेवटच्या गाण्याच्या.

धाकट्यांनी त्याच्या डोळ्यांत बघून मान हलवली, अगदी एवढीशी. नको. दादा त्यांच्याकडे बघून हसला. पाहुण्यांपुढे बुजलेल्या पोराला धीर द्यावा तसं.

आणि हात खाली आला.

लिहायला वेळ लागतो, तिथे तेवढाही नव्हता. धाकट्यांनी स्वतः संथ लय धरली असती तर अर्धा बँड त्यांच्याबरोबर आला असता आणि अर्धा दादाबरोबर गेला असता, आणि ते हसं कायमचं रेकॉर्डवर उतरलं असतं. लोकांनी विचारलं असतं, दादाला झालंय काय? काठ्या पिशवीत होत्या, काढायला सवड नव्हती. धाकट्यांनी ब्रश उचलले आणि त्या ब्रशांनीच घोडदौड सुरू केली. बाकीचे एक ठेका अडखळले आणि मागोमाग धावले. मास्तरांचे डोळे पांढरे झाले. ज्या धुनीत ते निवांत श्वास घ्यायचे तिथे आता श्वास घ्यायलाच जागा नव्हती. कागद तेच, सूर तेच. फक्त झोपलेली बाई उठून बस पकडायला पळत सुटली होती. धाकट्यांची मनगटं भरून आली, हात जळायला लागले, पण थांबायची सोय नव्हती. दादा समोर आनंदानं डोलत होता.

गाणं संपलं आणि नाट्यगृह डोक्यावर घेतलं लोकांनी. वहिनी पुढच्या रांगेत होत्या. त्यांचे डोळे उघडे होते.

ध्वनिमुद्रण करणारा माणूस मंचाच्या कडेला आला. भला माणूस होता, तालमीला हजर होता, त्याला काहीतरी खटकलं असावं. खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, वेळ आहे आपल्याकडे. हवं तर हेच पुन्हा एकदा घेऊ या."

"कशाला?" दादा म्हणाला. "झकास झालं की."

आता अख्खा बँड मागे वळून धाकट्यांकडे बघत होता. भाऊ म्हणून जे बोलता येईल ते त्यांनाच बोलता आलं असतं. दादा, संथ घेऊ या का, एवढंच. शब्द ओठांवर होते. पण दादानं विचारलं असतं, का? काय चुकलं? इतक्या लोकांपुढे, लटकणाऱ्या त्या सगळ्या मायक्रोफोनखाली. धाकट्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या मांडीवरच्या पर्सचा बंद उघडत होत्या आणि लावत होत्या. त्यांच्याकडूनही काही इशारा आला नाही. धाकटे पिशवीतून काठ्या काढून शेवटच्या गाण्याची तयारी करायला लागले.

नंतर त्यांनी एक प्रयत्न केला, नाही असं नाही. लाँड्रीची गाडी बाहेर उभी करून ते कंपनीच्या कचेरीत गेले. अल्बमचं काम बघणारी बाई हसतमुख होती, तिनं कॉफी मागवली. धाकट्यांनी चाचरत सांगितलं की 'दुपार' अल्बममध्ये नसावं.

"अहो, काय बोलता?" बाई म्हणाली. "सगळ्या अल्बममध्ये तेच तर एक आहे."

"ते जरा जलद झालंय."

"म्हणूनच तर. गाण्याचं नाव 'दुपार' आणि वाजतंय काय! ही कल्पना सुचायला दादाच हवेत. आणि तुमचे ब्रश. एवढ्या वेगात ब्रशनं कोण वाजवतं हो?"

ज्याच्या हातात दुसरं काही नसतं तो वाजवतो, हे धाकट्यांच्या मनात आलं, आणि मनातच राहिलं.

"दादांना आम्ही ऐकवलं," बाई म्हणाली. "ते खूश आहेत. तुमची काही हरकत आहे का? असेल तर कारण सांगा, मी वर बोलते."

कारण सांगायचं म्हणजे तेच सांगायचं, जे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. धाकट्यांनी कॉफी संपवली, ती चांगली आहे असंही म्हणाले, आणि चादरी पोचवायला निघून गेले.

अल्बम आला आणि गाजला. जाणकार मंडळींना तर लिहिताना आवरेना. कुणाला त्या लयीत भर दुपारचा दाह दिसला, कुणाला शहराची तगमग दिसली. एकानं लिहिलं की आपल्याच संथ रचनेला असं उधळून लावायला वाघाचं काळीज लागतं. ज्यांना उभ्या जन्मात कधी बँडमध्ये बसून वाजवायला लागलं नाही, त्यांना असलं बरं दिसतं. धाकट्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि गाडीत बसून एकटेच रडले. तरुण ड्रमवाले घर शोधत यायचे आणि विचारायचे, ते ब्रशचं कसं केलंत? धाकटे सांगायचे, "मनगट सैल ठेवायचं." पोरं मान डोलवून निघून जायची. आयुष्यभर चादरी वाहिल्या आणि इमानानं ठेका धरला, त्याचं कुणी नाव काढलं नाही. नाव झालं ते या एका गोष्टीनं, आणि ते त्यांना ना मिरवता येत होतं, ना नाकारता.

पुढे कार्यक्रमांत लोक 'दुपार' मागायला लागले, पण अल्बमसारखं. एकदा दादानं हात वर केला आणि अगदी नेमकी जुनी, संथ लय दिली. धाकट्यांच्या अंगावर काटा आला. ब्रश कसे फिरले त्यांचं त्यांना कळलं नाही. लोक मात्र चुळबुळत राहिले, आणि बाहेर पडताना एक जण म्हणाला, "म्हातारे थकले आता." त्या दिवशी मायक्रोफोन नव्हते. त्यानंतर ती लय दादाच्या हाताला पुन्हा सापडली नाही. वर्षभरात त्याला समोरचे चेहरे ओळखू येईनासे झाले, आणि बँड कुणी बंद न करताच बंद पडला.

धाकटे आता रोज दुपारी दादाकडे जातात. लाँड्रीतून निवृत्त झालेत, घरात बायको म्हणते, नुसते लुडबुडता त्यापेक्षा जा तिकडे. खरं कारण वहिनी. दादा रात्रभर घरात येरझारा घालतो, दारं उघडतो, आणि वहिनी त्याच्यामागे. म्हणजे म्हातारपणी त्यांना परत रात्रपाळीच लागली आहे. धाकटे आले की त्या आतल्या खोलीत जाऊन झोपतात.

परवाचीच गोष्ट. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत होता. रेकॉर्ड लाव, असं खुणेनं म्हणाला. त्याला ती रोज लागते. धाकट्यांनी आवाज कमी करून लावली. गाणी होत गेली, दादा बोटं हलवत राहिला, आणि मग 'दुपार' लागलं. दादाच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं.

"हा कोण ड्रमवर?" तो म्हणाला. "घोड्यावर बसलाय नुसता. आत ती झोपलीय, कळत नाही का याला?"

धाकट्यांनी आवाज आणखी कमी केला.

"तुम्ही वाजवता का काही?" दादानं त्यांना विचारलं. जन्मभर अरे-तुरे केलेल्या भावाला त्यानं पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं.

"ड्रम वाजवायचो."

"कुणाकडे?"

"होता एक बँड," धाकटे म्हणाले. "चांगला होता."

"मग माझ्याकडे या ना." दादा खुर्चीतून पुढे झुकला आणि आवाज खाली आणला. "माझा माणूस घाई करतो. कधीचा काढला असता. पण काय करणार, धाकटा भाऊ आहे. आईनं सांगितलंय सांभाळायला. काढता येत नाही."

"नका काढू त्याला," धाकटे म्हणाले.

"नाहीच काढत," दादा म्हणाला. "बसा. तयार आहात?"

त्याचा उजवा हात वर गेला. चुटक्या वाजत नाहीत आता, बोटं नुसतीच एकमेकांवर घसरतात. पण लय स्पष्ट होती. संथ, दाराच्या फटीतून मोजलेली तीच. धाकट्यांनी घाईघाईनं रेकॉर्ड बंद केली. ब्रश घरी होते. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा पेपर ओढून मांडीवर पसरला.

हात खाली आला. धाकटे तळव्यांनी पेपरवर वाजवायला लागले, आत आवाज जाणार नाही इतकं हळू. दादा डोळे मिटून ऐकत राहिला. पुष्कळ वेळानं म्हणाला, "बघा, ही लय. आमच्या धाकट्याला जरा शिकवा तुम्ही."

"शिकवतो," धाकटे म्हणाले, आणि वाजवत राहिले.